पुढच्या मुक्कामाचा हिशेब

ऐरोलीतील एखाद्या इमारतीत सकाळी नळ सोडला की पाणी येते. त्यामागे कित्येक वर्षांचे नियोजन असते, मात्र ते त्या घरात राहणाऱ्यांनी केलेले नसते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने या उपनगराचे सेक्टर आखले, रस्ते आणि गटारे काढली. १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेने पुढे मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे करून घेतले. वीज, सांडपाणी आणि कचरा यांचे वेळापत्रक कोणत्या ना कोणत्या कार्यालयात ठरते आणि रहिवाशाला वेळच्या वेळी बिल भरण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. स्थिर घराची ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती सोय आहे हेच लक्षात येत नाही. तेच घर चाकांवर आले, की आजवर सिडकोने, महापालिकेने आणि वीज कंपनीने वाहिलेला भार त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात येऊन पडतो, आणि उद्याचे पाणी कुठून, परवाचा मुक्काम कुठे, पावसाळ्यात कुठल्या जिल्ह्यात, असे प्रश्न रोजच्या भाजीइतके नित्याचे होतात.

अशा घराचे दोन मुख्य प्रकार आहेत. ज्या वाहनाच्या आतच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असते, त्याला मोटरहोम म्हणतात. तीच सोय असलेला डबा दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढला जात असेल, तर तो कॅराव्हॅन, जरी महाराष्ट्रात सरकारी कागदांपासून बोलण्यापर्यंत दोन्हींसाठी कॅराव्हॅन हाच शब्द रुळू लागला आहे. सुटीपुरते असे वाहन घेऊन फिरणे वेगळे आणि बारा महिने त्यातच राहणे वेगळे, कारण सुटीवर गेलेल्याची चूक घरी परतल्यावर संपते, तर कायम राहणाऱ्याला परतायला दुसरे घर नसते. म्हणूनच पुढचे किती ठरवावे, हा या जीवनपद्धतीतील कळीचा प्रश्न आहे. त्याची दोन टोकाची उत्तरे दिली जातात: एका पक्षाच्या मते सहा महिन्यांतील प्रत्येक रात्र आधीच लिहून ठेवावी, तर दुसऱ्याच्या मते सकाळी उठून मन होईल त्या दिशेने निघावे. दोन्ही उत्तरांत एकच गफलत आहे. नियोजनाचे माप सगळ्या गोष्टींना सारखेच लागू पडते, असे दोघेही गृहीत धरतात.

ही गफलत कशात आहे, ते ऐरोलीच्या खाडीवरच नीट पाहता येते. ठाणे खाडीच्या काठावरील कोळी आणि आगरी समाजांना भरतीची वेळ काढण्यासाठी छापील तक्त्याची गरज पडत नसे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा सुमार कळतो, हा कोकण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला ठोकताळा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सव्वाआठच्या आसपास. आणि त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा तशीच दुसरी भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच हिशेबाने पुढे सरकते, हे या ठोकताळ्यामागचे कारण. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, तेवढी दुरुस्ती केली की पुढच्या महिन्याच्या, किंबहुना पुढच्या वर्षाच्या एकादशीचे पाणीही आजच सांगता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती आत येईल आणि अष्टमीच्या भांगाला किती कमी चढेल, हेही त्यात आले. परंतु त्या पाण्याबरोबर मासळी किती येईल, हे मात्र कोणतीही तिथी सांगू शकत नाही. ते वाऱ्यावर, पाण्याच्या रंगावर आणि आदल्या दिवशीच्या अनुभवावर त्या त्या सकाळी ठरवायचे असते. भरतीबाबत मन बदलण्यात अर्थ नाही आणि मासळीबाबत महिनाभर आधी ठरवण्यात अर्थ नाही. होडीवरचा माणूस हा फरक जाणतो, म्हणूनच त्याचे नियोजन एकाच वेळी अत्यंत काटेकोर आणि अत्यंत सैल असते.

चाकांवरच्या घराची भरती म्हणजे पाऊस. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी वारे ११ जूनला मुंबईत पोचतात आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघार घेतात. वर्षागणिक त्यात काही दिवसांचा फरक पडतो, परंतु जुलैत कोकण कोरडे राहील, असे कधीही होत नाही. या चार महिन्यांत समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्या वाहनाचे चाक चिखलात रुतते, छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागते, गाद्यांना बुरशी येते आणि सौरपट्ट्यांकडून मिळणारी वीज आटते. म्हणून वर्षाचा सांगाडा पावसाभोवतीच बांधावा लागतो, आणि सुदैवाने महाराष्ट्रात त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण आणि फलटण तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ढग घाटमाथ्यावर रिते होऊन पुढे गेल्याने पूर्वेस राहणाऱ्या या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. चारचाकीत एका दिवसात ओलांडता येणारे हे अंतर घर कोरडे ठेवते.

हे गणित ज्यांनी मोटारीच्या कितीतरी आधी मांडले, ते मेंढपाळ धनगर महाराष्ट्रातील फिरत्या जीवनाचे सर्वांत अनुभवी जाणकार आहेत, आणि या विषयावर परदेशी मार्गदर्शिका वाचण्यापूर्वी त्यांची रीत समजून घेणे अधिक लाभाचे आहे. त्यांचा पावसाळा माणदेशासारख्या कोरड्या मुलखात जातो, कारण दख्खनी मेंढीला कोकणातील संततधार आणि ओली जमीन सोसत नाही, तिचे खूर सडतात. दिवाळीनंतर अनेक वाडे पश्चिमेकडे निघतात, त्यांतील काही घाट उतरून कोकणात जातात आणि वळवाच्या सुमारास परत फिरतात. येथे वाडा म्हणजे इमारत नव्हे. एकत्र चालणाऱ्या काही बिऱ्हाडांचा आणि त्यांच्या कळपांचा समूह म्हणजे वाडा. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, पाल, घोंगडी, कोंबड्या, लहान मुले आणि चालू न शकणारी कोकरे असा अख्खा संसार असतो, आणि तो रोज भरणे-उतरवणे हे काम मुख्यतः स्त्रियांचे असते. घोड्यावर कोणती वस्तू आधी चढवायची आणि कोणती शेवटी, हे ठरलेले असते, कारण मुक्कामी सर्वांत आधी लागणारी वस्तू सर्वांत वर असावी लागते. मोटरहोमच्या कपाटांची मांडणी करणाऱ्याला यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

या वाड्याच्या नियोजनाकडे बारकाईने पाहिले, तर त्यात वेगवेगळ्या लांबीचे हिशेब एकमेकांत गुंफलेले दिसतात. ऋतू आणि दिशा ठरलेली असते. कोणत्या गावांच्या शिवारातून जायचे, हेही बरेचसे ठरलेले असते, कारण त्या गावांतील शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात: शेतात मेंढरे बसवली, म्हणजे वाघर नावाच्या जाळ्याने वेढून रात्रभर तिथे ठेवली, की त्यांच्या लेंड्या आणि मूत्राने जमिनीला खत मिळते आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. परंतु उद्या नेमके कोणत्या रानात उतरायचे, हे जाणत्या माणसांनी पुढे जाऊन गवत, पाणी आणि उभी पिके पाहून आल्यावरच ठरते. चारा चांगला असेल तर मुक्काम वाढतो, पीक अजून काढलेले नसेल तर वाट बदलते. ओळखीची गावे हा या पद्धतीचा कणा आहे. त्या ओळखीमुळेच रोजचा निर्णय आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवण्याची मुभा वाड्याला मिळते, आणि ज्याच्याकडे अशी ओळख नाही त्याने ही मोकळीक गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

याच माणदेश-फलटण परिसरातून दरवर्षी दुसरी एक फिरती वस्ती जाते आणि तिची रीत नेमकी उलट आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी पंढरपूरला पोचते, आणि प्रत्येक मुक्कामाची तिथी आधीच जाहीर झालेली असते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले, आणि आजही दिंडीचे सामान वाहणारा ट्रक वारकऱ्यांच्या आधी मुक्कामी पोचून तंबू ठोकतो, पाण्याचा टँकर ठरल्या जागी उभा असतो. लाखो माणसे एकाच वाटेने चालत असताना गवत पाहून वाट ठरवता येत नाही. शिवाय एकादशी कोणासाठी थांबत नाही. म्हणजे मुक्काम किती आधी ठरवावा, हे चालणाऱ्याच्या स्वभावावर कमी आणि त्याच्याबरोबर त्याच जागेवर किती जण हक्क सांगणार आहेत, यावर अधिक अवलंबून असते. कॅराव्हॅनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाने आषाढात पालखीमार्गावर किंवा ३१ डिसेंबरच्या आठवड्यात अलिबाग, तारकर्ली आणि गोव्याकडे जायचे ठरवले असेल, तर त्या दिवसांपुरती त्याने वारीची रीत पाळावी, आणि उरलेल्या वर्षात वाड्याची.

अमेरिकेतील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू का पडत नाही, याचेही उत्तर यातच आहे. तिथे केंद्र सरकारच्या अनेक लोकप्रिय तळांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि काही ठिकाणी ते लगेच संपते. दुसरीकडे पश्चिमेकडील विस्तीर्ण सरकारी जमिनींवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो आणि मग पुढे सरकावे लागते. म्हणजे तिथली अडचण गर्दीची आहे आणि तिचे नियमही लिहिलेले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यात वाहनांची आणि कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे पाणी-वीज-स्वच्छतेची सोय असलेल्या मुक्कामतळांची कल्पना मांडली. परंतु असे तळ अजून गावोगावी झालेले नाहीत, आणि जिथे आरक्षण घेणारेच कोणी नाही तिथे सहा महिने आधी आरक्षण करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इथे जागा विचारून मिळवावी लागते: पर्यटन महामंडळाच्या निवासाचे आवार, देवस्थानाचे भक्तनिवास, ढाब्यामागचे मैदान, पेट्रोल पंपाची मोकळी कडा, एखाद्या शेतकऱ्याचे खळे. या जागा दूरध्वनीवरून सहसा ठरत नाहीत, कारण देणाऱ्याला समोरचा माणूस पाहायचा असतो; त्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी, शक्यतो दुपारी चारच्या आत, गावात पोचणे हे इथल्या नियोजनाचे खरे सूत्र ठरते. उजेडी आलेल्या कुटुंबाला गाव पाहुणे मानते, रात्री अकराला अंगणात दिवे टाकणाऱ्या वाहनाकडे संशयाने पाहते, आणि यात गावाची काहीही चूक नाही. तुर्भे-महापे परिसरातील कारखान्यांकडे माल आणणारे ट्रकचालक हेच सूत्र आयुष्यभर पाळतात. त्यांच्या वहीत शहरांपेक्षा ओळखीच्या ढाब्यांची नावे अधिक असतात.

मधल्या पल्ल्याचे, म्हणजे दोन-तीन दिवसांचे नियोजन टाक्या ठरवतात. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रमाणित हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा आहे. त्या मापाने दोघांना २७० लिटर लागतील आणि मोटरहोमची शंभर लिटरची टाकी पहिल्या दुपारीच संपेल. टाकी मोठी करावी, तर प्रत्येक लिटरमागे एक किलो वजन वाढते आणि ते घाटात जाणवते. बादलीने अंघोळ, पसरट भांड्यात भांडी धुणे आणि गळका नळ लगेच दुरुस्त करणे एवढी शिस्त पाळली, तर माणशी वीस लिटरांत दिवस निघतो, म्हणजे शंभर लिटर पाणी अडीच दिवस पुरते. वाहनात वापरल्या जाणाऱ्या सुट्या शौचपेटीची क्षमता साधारण वीस लिटर असते आणि दोघांच्या वापरात तीही तीनेक दिवसांत भरते. हे दोन काळ जवळपास सारखे असणे ही मोठी सोय आहे, कारण जिथे स्वच्छ पाणी भरता येते आणि गटाराला जोडलेले स्वच्छतागृहही आहे, असा एकच थांबा दर तीन दिवसांनी गाठला की पुरते. ही पेटी ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करणे हा केवळ नियमभंग नाही. ज्या गावाने पाणी दिले त्याच गावाचे पाणी बिघडवणे आहे. टाकी अर्धी झाली की ती रिकामीच आहे असे समजावे, हा जाणत्यांचा दंडक आहे, आणि उन्हाळ्यात मराठवाड्यातून जाताना तो अक्षरशः पाळावा, कारण तिथे मार्च-एप्रिलमध्ये अनेक गावे स्वतःच टँकरची वाट पाहत असतात.

विजेचा हिशेबही याच धर्तीचा. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे अडीच युनिट वीज साठवते. छोटे शीतकपाट, पंखा, दिवे आणि मोबाइल मिळून दिवसाला साधारण एक युनिट लागते, आणि छपरावरच्या चारशे वॅटच्या सौरपट्ट्या निरभ्र दिवशी सुमारे दीड युनिट परत देतात. याच बॅटरीवर वातानुकूलन यंत्र चालवले, तर अडीच तासांत अंधार. त्यामुळे मे महिन्यात कोकणात कसे झोपावे, याचे उत्तर बॅटरीत सापडत नाही. ते मे महिन्यात पाचगणीला किंवा आंबोलीला असण्यात आहे, म्हणजेच पुन्हा ऋतूच्या हिशेबात. गॅसबाबत मात्र फार विचार करावा लागत नाही, कारण पाच किलोचे लहान सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर अनेक पेट्रोल पंपांवर मिळते.

रस्त्याचे नियोजन करताना अंतरापेक्षा उंची, रुंदी आणि वळण यांकडे पाहावे. वरंधा घाटासारखे रस्ते अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत वाहतुकीस बंद ठेवावे लागले आहेत, आणि नकाशावर दिसणारी जवळची वाट अनेकदा गावातल्या अशा बोळातून जाते जिथे समोरून एस. टी. आली की कोणालातरी अर्धा किलोमीटर मागे जावे लागते. कोकणातील खाड्या ओलांडताना तर ऐरोलीच्या होडीवाल्याचे गणित पुन्हा कामी येते. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी या फेरीबोटींवर वाहन चढवताना ओहोटीला उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकांपलीकडे लांब धड असलेल्या मोटरहोमचा तळ जमिनीला घासतो. भरतीला तेच वाहन सहज चढते. पंचांगात तिथी पाहून पाऊणपट काढण्याइतका वेळ खर्च केला, तर एक मोठी दुरुस्ती वाचते.

नियोजनातील सर्वांत लांबचा पल्ला कागदपत्रांचा आहे, आणि नव्याने निघणारी माणसे नेमकी तिथेच निष्काळजी असतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीत नमूद केलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, त्यामुळे मालवाहू गाडी घेऊन सुताराकडून तिच्यात ओटा आणि पलंग बसवून घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. भारतात मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि नोंदणी त्या दृष्टीने करून घ्यावी लागते. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून वाशी परिवहन कार्यालयाचा एमएच-४३ क्रमांक असलेल्या वाहनाचा वार्षिक मार्ग राज्याबाहेर गेला, तरी वर्षाच्या आत परत वळणारा असावा. विमा आणि प्रदूषण तपासणी वर्षाच्या चक्रात येतात, औषधे तीन महिन्यांच्या, आणि बँक, मतदार यादी, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला या सर्वांना एक पत्ता लागतो. ऐरोलीतील भाड्याने दिलेले का होईना, पण स्वतःचे घर किंवा मुलांचा पत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांना ही बाब किरकोळ वाटते. ज्यांचे फिरणे हौसेचे नाही, त्या भटक्या आणि विमुक्त जमातींसाठी मात्र पत्ता नसणे हीच आयुष्यभराची अडचण झाली आहे; बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात निवारा आणि ओळखपत्रांचा हा प्रश्न ठळकपणे मांडला होता. चाकांवरच्या घरांसाठी तळ उभारताना त्यांच्या पालांनाही तिथे पाणी आणि शौचालय मिळाले पाहिजे, असे या प्रकरणात स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

या सर्व हिशेबांची वर्षातून एकदा गाठ पडते, आणि ऐरोलीहून निघालेल्या वाहनासाठी तो काळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचा सोयीचा असतो. पाऊस मुंबईतून परतलेला असतो, पर्जन्यछायेतला चार महिन्यांचा मुक्काम संपलेला असतो आणि कोकण उतरण्याजोगे होण्यास थोडा अवधी असतो. त्या दोन आठवड्यांत विमा, प्रदूषण तपासणी, दातांचा दवाखाना, टायर आणि छपराचे सांधे पाहून घेता येतात. ठाणे खाडीचा सुमारे १,७०० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे जाणाऱ्या होड्यांच्या वेळाही भरती पाहून ठरतात. मात्र ऑक्टोबरात ते पक्षी बहुधा अजून आलेले नसतात. तेही बारा महिने एका जागी न राहणारे, आणि कच्छच्या रणात पाणी किती उरले आहे यावर त्यांचे निघणे मागेपुढे होत असल्याने, त्यांच्या पहिल्या थव्याची तारीख कोणत्याही वर्षी आधी सांगता येत नाही.